बिनपत्त्याचं सामान

माझ्या थोरल्या सुनेला घर सोडताना रडू आलं नाही, याबद्दल माझी तक्रार नाही. रडली असती तर मीच म्हटलं असतं, आता नाटकं कशाला. माझी तक्रार अशी की ती हसली. गाडीत पुढे बसली, मांडीवर आपली निवडुंगाची कुंडी घेतली, दार ओढलं आणि "सुटले एकदाची" असं म्हणाली. काच वर होती. पण ओठांवरचं मला वाचता येतं. पुस्तकातलं वाचणं मी चौथीत सोडलं, माणसांचं अजून चालू आहे.

लग्न होऊन आली त्या दिवसापासून हिने या घराला नावं ठेवली. दुसरी कुठलीही सून आल्यावर आठवडाभर तरी गोड बोलते. हिने पहिल्याच सकाळी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "आई, फरशीला मागच्या दाराकडे उतार आहे." आम्ही सगळे खाली बघायला लागलो. तोपर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानंतर रोज एक. न्हाणीघराचा नळ अर्ध्याच्या पुढे फिरवला की हंबरतो. जिन्यातली मधली पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे. पुढची खिडकी लावल्याशिवाय मागची उघडत नाही. समोरचा पत्रेवाला पत्रा कापायचा थांबतो तेवढाच वेळ माणसात असल्यासारखं वाटतं. मी म्हणायचे, "नाचता येईना, अंगण वाकडं." ती म्हणायची, "अंगण सरळ आहे आई, घर वाकडं आहे."

शेवटी तिने थोरल्याला पटवलं. माझा थोरला बाहेर वाघ आहे. तिच्यासमोर तो मान हलवायचं काम करतो. एका रात्री जेवताना त्याने जाहीर केलं की शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत अकराव्या मजल्यावर मोठं घर भाड्याने घेतलंय, सगळे मिळून जायचं, आणि हे घर एका टायरवाल्याला गोदामासाठी द्यायचं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. धाकट्याने घास हातात धरून ठेवला, भांडण बुडायला नको म्हणून.

मी म्हटलं, "ठीक आहे. भाजी वाढा."

तिथेच ते फसले आणि तिथेच मी फसले. मी एकदा नको म्हटलं असतं तर थोरला गप्प बसला असता. पण या घरात मी कधी कुणाला विनंती केलेली नाही. माझा शब्द चालतो तिथे विनंती लागत नाही. जिथे चालेनासा झाला, तिथे करून तोंडघशी कोण पडणार? म्हणून जायचं ठरलं. निघायच्या दिवशी संध्याकाळी टायरवाला किल्ली न्यायला येणार होता. एकदा किल्ली त्याच्या हातात पडली, की माझी झोपायची जागा ट्रकच्या चाकांची होणार होती.

आता आमचा धंदा सांगते, नाहीतर पुढचं कुणाला खरं वाटायचं नाही. लोकांचं घरसामान एका घरातून दुसऱ्या घरात न्यायचं, हे आम्ही तीन पिढ्या करतो आहोत. सासऱ्यांची हातगाडी होती, ह्यांनी ट्रक घेतला. ह्यांनी काही नियम घालून दिले होते. पहिला, गिऱ्हाईकाला रिकामी खोली दाखवायची नाही. रिकाम्या खोलीत माणूस रडतो आणि आपल्याला उशीर होतो. म्हणून गिऱ्हाईक पोचण्याआधी सामान लावून तयार. दुसरा, पत्ता गिऱ्हाईकाच्या तोंडून ड्रायव्हरने स्वतः घ्यायचा, मधल्या माणसाकडून नाही. एकदा मधल्या माणसाने पत्ता दिला आणि आमच्या गड्यांनी एका बाईचा अख्खा संसार परक्याच्या घरात नीट लावून ठेवला. तो परका कामावरून घरी आला, कपाटातल्या साड्या बघितल्या आणि आपलं लग्न कधी झालं ते आठवत बसला. तिसरा नियम, ज्या सामानाला पत्ता नाही ते आपल्या घरी आणून ठेवायचं, रस्त्यावर सोडायचं नाही.

आम्ही लोकांची एवढी घरं हलवली, पण स्वतःचं कधी नाही. घोडं तिथेच अडलं.

ट्रक माझा जावई चालवतो. देवमाणूस आहे. म्हणजे सांगितलं तेवढंच ऐकतो, न सांगितलेलं काही करत नाही. सामान भरून झालं, ताडपत्री बांधून झाली, तेव्हा तो धाकट्याजवळ आला. "गिऱ्हाईक कोण आहे?"

"गिऱ्हाईक कुठलं?" धाकटा म्हणाला. "आपलंच घर ना."

"ते बरोबर. पण पत्ता कोण देणार?"

"दादा देईल. मला कशाला विचारता? मला कुठे जायचं होतं?"

यावर त्याची बायको, माझी धाकटी सून, खोक्यामागून म्हणाली, "काल तर म्हणत होता, तिकडे दोन न्हाणीघरं आहेत."

"दोन न्हाणीघरं आवडणं वेगळं, जाणं वेगळं."

"मग मी सकाळपासून भांडी कुणाची बांधतेय?"

जावई त्यांना सोडून थोरल्याच्या गाडीकडे गेला. थोरला फोनवर टायरवाल्याशी बोलत होता. त्याने हातानेच खूण केली, आईला विचार. म्हणजे, नेहमीचंच. जावई माझ्यापाशी आला. मी पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. तेवढी एक खुर्ची मागे ठेवायला लावली होती, किल्ली देईपर्यंत बसायला.

"आई, गिऱ्हाईक तुम्ही आहात का?"

माझं डोकं आधीच तापलेलं. "जावईबापू," मी म्हटलं, "या घरात मी गिऱ्हाईक? मी मालकीण आहे."

"बरं," तो म्हणाला. पुढे काही विचारलं नाही. थोरला आणि थोरली गाडीने निघून गेले, जावई आणि धाकटा ट्रक घेऊन गेले, धाकटी गड्यांबरोबर मागे बसली. मी एकटी राहिले. एवढ्या वर्षांत या घरात मी एकटी कधी बसले नव्हते. बसून बघितलं. भिंतीवर जिथे कपाट होतं तिथे रंग नवा कोरा होता. हे घर कधीकाळी निळं होतं, ते मी विसरलेच होते.

टायरवाला वेळेच्या आधी आला. अंगाने त्याच्या मालासारखाच, गोल आणि काळा. येताना एक टायर घेऊन आला होता.

"हे कशाला?" मी विचारलं.

"अंदाज घ्यायला. किती बसतील ते." त्याने टायर उंबऱ्याच्या आत उभा केला आणि खिशातून मोजपट्टी काढायला हात सोडला.

टायर निघाला. कुणी ढकलला नाही, बोलावल्यासारखा गेला. माझ्या खुर्चीला वळसा घालून पुढच्या खोलीतून मधल्या खोलीत, तिथून स्वयंपाकघरात, मागच्या दारातून बाहेर, आणि अंगणात धुण्याच्या दगडावर आपटून पडला.

टायरवाला बराच वेळ दारांच्या रांगेतून बघत राहिला. "हा थांबला नाही," तो म्हणाला.

"थांबेल कसा? फरशीला उतार आहे."

"तुमच्या मुलाने सांगितलं नव्हतं."

"त्याला ठाऊक नसेल. तो इथे नुसता राहतो."

तो टायर घेऊन आला. पुन्हा सोडला. टायर पुन्हा त्याच वाटेने गेला. तिसऱ्यांदा त्याने सोडला तेव्हा मला कळलं की माणूस अंदाज घेत नाहीये, त्याला मजा येतेय. मी पाय वर घेऊन बसले. "आडवे रचीन," तो म्हणाला. "आडवा टायर कुठे जात नाही." म्हणजे आशा संपली. मी पदराच्या गाठीतून किल्ली काढायला लागले. गाठ घट्ट होती आणि मी काही ती सोडवायची घाई केली नाही.

आता तिकडे काय झालं ते सांगते. मी तिथे नव्हते, पण थोरलीने मला नंतर सांगितलं आणि थोरल्याने वेगळं सांगितलं. मी दोघांतलं खरं तेवढं घेते.

अकराव्या मजल्यावर दोघं पोचली. थोरलीने कुंडी खिडकीत ठेवली. खिडकी एका बोटाने उघडली. दुसरीही उघडली. दोन्ही एकदम उघड्या राहिल्या. नळ फिरवला, पूर्ण फिरवला, नळ काही बोलला नाही. तिने थोरल्याला हाक मारली आणि आपलाच आवाज भिंतीवरून परत आला तेव्हा दचकली.

"बघ," थोरला म्हणाला, "किती शांत आहे."

"हो," ती म्हणाली. आणि त्याच क्षणी तिच्या कानातल्याची फिरकी निसटून खाली पडली.

ती लगेच वळली आणि स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या कोपऱ्यात जाऊन वाकली. आमच्या घरात पडलेली वस्तू तिथेच सापडते. सुई, गोळी, बटण, मणी, काहीही पडो, उतारावरून घरंगळत त्या कोपऱ्यात जातं. आम्हाला वाटायचं, आम्ही नशीबवान आहोत. थोरली म्हणायची, कोपरा कचऱ्याचा आहे. पण या नव्या घरात कोपऱ्यात फिरकी नव्हती.

"कुठे गेली?" ती म्हणाली.

"असेल इथेच. पडली तिथेच असेल."

"पडली तिथे म्हणजे कुठे?"

"अगं, सपाट आहे फरशी. कुठेही असू शकते."

यावर ती फरशीकडे अशी बघत राहिली, की थोरला सांगतो, त्याला वाटलं हिला चक्कर येतेय. मग दोघं गुडघ्यांवर रांगायला लागली. एवढी मोठी पांढरी खोली, सामान नाही, माणूस नाही, आणि माझा वाघ आणि त्याची बायको चार पायांवर. अर्ध्या खोलीत पोचल्यावर थोरली खाली बसली आणि रडायला लागली. ह्यांचा नियम उगाच नव्हता.

"एका फिरकीसाठी रडतेस? दुसरी आणू," थोरला म्हणाला.

"दुसरी पण पडेल," ती म्हणाली.

तेवढ्यात इकडे आमच्या दारात ट्रकचा आवाज झाला. मला वाटलं, काही विसरलं असेल. बघते तो ताडपत्री सोडताहेत. धाकट्याने माझी गादी खांद्यावर घेतलेली.

"जावईबापू, हे काय?"

"पत्ता कुणी दिला नाही," जावई शांतपणे म्हणाला. "त्या वसाहतीपाशी जाऊन आलो. एकसारख्या आठ इमारती आहेत. कुठली ते कुणी बोललं नव्हतं. बिनपत्त्याचं सामान आपल्या घरी आणायचं, बाबांनी सांगून ठेवलंय."

"आणि तू?" मी धाकट्याला विचारलं. "तुला इमारत ठाऊक नव्हती?"

"मला झोप लागली होती," धाकटा म्हणाला. त्याच्या मानेवर झोपेची एकही खूण नव्हती. मी ते बघितलं.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," मी म्हटलं. पण आवाज जरा हलला, तो टायरवाल्याच्या ध्यानात आला असावा, कारण त्याने आपला टायर भिंतीला टेकवून हाताने धरून ठेवला.

गड्यांना कुणी थांबवलं नाही. त्यांना शिकवण तशी आहे: ट्रक थांबला की उतरवायचं, उतरवलं की लावायचं. कपाट आत आलं आणि तिथे पंचाईत झाली. कपाट कुठल्या भिंतीला होतं, यावरून धाकटा आणि धाकटीचं जुंपलं. भिंतीवर निळा डाग होता तिथे लावलं तर कपाट पुढे झुकलं, दारं आपोआप उघडली. पलंग लावला तर न्हाणीघराचं दार उघडेना. आम्ही सगळे या घरात जन्म काढलेले, आणि आमचं घर आम्हाला लावता येईना. मीही सांगून बघितलं. मी म्हटलं तिथे शिडी ठेवली तर खिडकी बंद झाली ती उघडेना.

शेवटी धाकट्याने फोन लावला आणि मोठ्या आवाजावर टाकला. "वहिनी, कपाटाखाली काय असायचं?"

पलीकडे आधी नाक ओढल्याचा आवाज आला. "डाव्या पुढच्या पायाखाली पत्र्याची घडी. समोरच्या पत्रेवाल्याकडून आणली होती. किती वेळा सांगितलं तुम्हाला भाऊजी, की ती घडी म्हणजे लाज आहे."

"मग ती घालू का?"

"घातलीच पाहिजे. नाहीतर दारं उघडतील."

"उघडलीयत."

"पत्रा खाली तोंड करून घाला. नाहीतर पायाला लागतो. मला दोनदा लागलाय."

मधेच फोन थोरल्याने ओढून घेतला. "कपाट? सामान तिथे काय करतंय?"

"उतरतंय," धाकटा म्हणाला.

"तिथे कसं उतरतंय? मी इथे वाट बघतोय."

"दादा, पत्ता तू दिला नाहीस."

"मी आईला विचारायला सांगितलं होतं."

"आई मालकीण आहे," जावई लांबून म्हणाला. "गिऱ्हाईक नाही. मी विचारलं होतं."

थोरला काहीतरी ओरडायला लागला, पण आवाज दूर गेला. फोन परत थोरलीकडे आला होता. "त्यांना नंतर बोलू दे. भाऊजी, पलंग भिंतीला चिकटवू नका. एका माणसाला आडवं जाता येईल एवढी जागा सोडा, रोज माझी कंबर घासून जाते तेवढी. शिडी पुढच्या खिडकीखाली नाही, जिन्याखाली. आणि गॅसची शेगडी उजवीकडे सरकवा, नाहीतर दूध एका बाजूने उतू जातं."

अकराव्या मजल्यावर बसून ती उंटावरून शेळ्या हाकत होती आणि शेळ्या बरोबर जात होत्या. गडी तिचं ऐकत होते. टायरवाल्याने कपाट उचलून धरलं, धाकटीने पत्रा सरकवला. एकेक वस्तू आपल्या जागी बसत गेली. तिची प्रत्येक तक्रार म्हणजे एकेक जागा होती. मी खुर्चीवर बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, या बाईने इतकी वर्षं दुसरं काय केलं? बघत बसली.

फोनवरून ती म्हणाली, "मधल्या खोलीतला दिवा कुठे टांगला?"

"खिळ्याला."

"कुठल्या? तिथे दोन खिळे आहेत. एक खोटा आहे." आणि मग, "राहू दे. मी येते."

थोरला मागून म्हणाला, "कुठे येतेस?"

ते पोचले तेव्हा उजेड उतरत आला होता. थोरली दारात आली, खाली न बघता उंबरा ओलांडला, आत येऊन सरळ दिव्यापाशी गेली, तो खोट्या खिळ्यावरून काढून खऱ्यावर टांगला. जिन्यात गेली. मधल्या पायरीला पाय आपोआप उंच उचलला. धाकटा तिच्यामागे चढत होता, जन्मापासून चढतोय, तो अडखळला.

थोरला पुढच्या खोलीत उभा होता. तोंड असं की घरातला एकही माणूस त्याच्या बाजूने नाही हे त्याला दिसलंय. "आई," तो म्हणाला, "आता काय करायचं? यांना शब्द दिलाय."

टायरवाला हात झटकत म्हणाला, "माझे टायर तर आज येणारच. गाडी निघाली आहे."

"मग?"

"तुमचं ते वरचं घर रिकामं आहे ना?" टायरवाल्याने विचारलं. "तिथली फरशी तरी सपाट असेल."

थोरला त्याच्याकडे बघत राहिला. "अकराव्या मजल्यावर टायर?"

"लिफ्ट केवढी आहे?"

थोरल्याने दोन हात पसरून रुंदी दाखवली. दाखवून झाल्यावर आपण काय करतोय ते त्याच्या लक्षात आलं, पण हात त्याने खाली घेतले नाहीत. जावई टायरवाल्याला म्हणाला, "इमारत कुठली ते तुम्ही स्वतः सांगा, मी नेऊन टाकतो. तुम्ही गिऱ्हाईक." टायरवाला खूश झाला. एवढा वेळ त्याला कुणी गिऱ्हाईक म्हटलं नव्हतं.

पण थोरला थोरलीकडे बघत होता. शेवटी मान हलवायची कुठल्या दिशेने, ते तिनेच सांगायचं होतं. ती जिन्यातून खाली आली, स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या कोपऱ्यात वाकली, काहीतरी चिमटीत उचललं. एक मणी होता, कुणाचा, कधीचा, कोण जाणे. तो तळहातावर घेऊन ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, मी हे घर चांगलं आहे असं म्हणणार नाही," ती म्हणाली. "नळ अजून हंबरतोय. आत्ता बघितलं."

"मग तिकडे का रडलीस?"

"तिकडे म्हणायला काही नव्हतं."

समोर पत्रेवाल्याने शेवटचा पत्रा कापायला घेतला होता, त्याचा आवाज घरभर झाला आणि ती बोलायची थांबली. त्याच्यासाठी थांबायची तिला सवय आहे. आवाज संपल्यावर मी खुर्चीवरून उठले. माझ्या मुलांनी, सुनेने, जावयाने, त्या टायरवाल्यानेही ऐकावं म्हणून मोठ्याने बोलले.

"ऐक. मी या घरात राहिले. माझी पोरं या घरात वाढली. पण या घराकडे डोळे उघडून बघितलं ते तू एकटीने, आणि बघून रोज शिव्या दिल्यास. दोन्ही कामं नीट केलीस. तुला हे घर आवडत नाही, हे मला मान्य आहे, आवडतं असं कबूल करायची गरज नाही. पण नावं ठेवण्यासारखं घर नशिबाने मिळतं, आणि ते सोडून निघाली होतीस, तेही हसत. तेवढा तुझा अक्कलशून्यपणा मी माफ करते. आता इथेच राहायचं. आणि उद्यापासून सकाळची तक्रार जरा मोठ्याने करत जा, मला आतल्या खोलीत अर्धीच ऐकू येते."